हाकेच्या आधी

कापूस फुटताना आवाज होत नाही. सोयाबीन वाळली की शेंगा तडतडतात, तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात, पण पऱ्हाटीचं बोंड उघडते ते अगदी गपचूप. काल हिरवं पाहिलेलं वावर आज पांढरं दिसते आणि मधल्या वेळात कोणी काहीच ऐकलेलं नसते. म्हणूनच की काय, कापसाच्या वावरात माणसाचा आवाज जेवढा उठून येतो तेवढा दुसऱ्या कोणत्या पिकात येत नाही.

यंदाही पऱ्हाटी फुटली. धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या पळसाखाली बसून मी हे लिहून राहिलो. मी चौथी शिकलो, पुढं बापानं शाळेत धाडलं नाही आणि मीही गेलो नाही. त्यामुळे लिहिण्यात काही वेडंवाकडं आलं तर ते माझं आहे, ते सुधरवू नये. समोर बाया वेचणीला लागल्या आहेत. पऱ्हाटी छातीला लागते, बाया वाकलेल्या, दिसते ते एखाद्या पदराचं टोक. बाकी सगळा आवाजच. कोणी हसते, कोणी सासूची नक्कल करते, कोणी पाणी मागते. अन् मी मान कलती करून बसलो आहे, परीक्षेला बसल्यासारखा.

एक काळ होता, मी परीक्षा घेणारा होतो. वावराकडे पाठ करून बसायचो आणि बसल्या जागेवरून सांगायचो, कौसाबाई, तुह्या मागं बोंडं सुटून राह्यली. कोण कोणत्या तासात, म्हणजे कोणत्या ओळीत आहे, कोण पुढं गेली, कोण बसून गप्पा हाणते, हे मला आवाजावरून कळायचं. ही कौसाबाई म्हणजे आमच्या वावरात माझ्या लग्नाच्याही आधीपासून वेचणारी. ती नव्या बायांना सांगायची की बुढेबुवाच्या पाठीले डोळे हाय. मला ते आवडायचं, खोटं काहून बोलू? फोन आला तरी मी कधी ‘कोण?’ म्हणून विचारलं नाही. समोरच्यानं ‘हॅलो’ म्हणण्याच्या आत मी त्याचं नाव घेतलेलं असायचं. ‘कोण?’ विचारणं म्हणजे माझ्या लेखी घराचा दरवाजा विसरणं.

मागच्या वर्षी, पऱ्हाटीला पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या लागत होत्या तेव्हा, माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली. डावा हात पडला. यवतमाळला नेलं, वेळेवर नेलं, हात बराचसा परत आला. बोलणं तर गेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बाबा, तुमची तकदीर चांगली. मीही तसंच धरून घरी आलो.

घरी आल्यावर कळलं की काहीतरी मागंच राहिलं.

कसं सांगावं? शब्द सगळे समजत होते. चहा घ्या, गोळी घ्या, ऊन लागते, आत चला. पण कोण म्हणते ते तोंड पाहिल्याशिवाय कळेना. बाईचा आवाज, माणसाचा आवाज, म्हातारा, तरणा, एवढं कळायचं. त्याच्या पुढं काही नाही. सगळे आवाज जसे बाजारातून नुकते आणलेले, कोरे. माझ्या आठवणीतला बापही तसाच झाला होता. बैलांना तो जे बोलायचा ते शब्दान् शब्द आठवत होते, पण ते जणू कोणीतरी भिंतीवर लिहून ठेवलेले. त्यातून बाप निघून गेला होता.

मी कोणाला सांगितलं नाही. मुलगा गजानन लोहाऱ्याला कारखान्यात कामाला आहे, सुनेसंगं तिकडेच राहतो. त्यानं दवाखान्यातच म्हणून ठेवलं होतं की तब्येत पूर्ण जाग्यावर आली नाही तर तुमी दोघं लोहाऱ्याला, वावर मक्त्यानं देऊन टाकू. लोहाऱ्याची ती खोली मी पाहिलेली आहे. खोली चांगली आहे. पण खिडकीतून यंत्रांचा एकच एक हूं येते, दिवसभर. त्या हूंमध्ये बसून मी काय ऐकणार होतो? म्हणून मी तोंड बंद ठेवलं आणि डोळे उघडे. जो बोलेल त्याच्याकडे आधी पाहायचं, मग उत्तर द्यायचं. लोकांना वाटलं बुढा आजारातून उठून नरम झाला.

सीतादहीला ही चलाखी कामाची नव्हती.

आमच्याकडे पहिली वेचणी सीतादहीशिवाय होत नाही. पऱ्हाटीच्या बुडाशी पाच गोटे मांडायचे, हळदकुंकू लावायचं, दहीभाताचा निवद ठेवायचा, थोडा वावरात शिंपायचा, मग बोंडाला हात. हे सगळ्या घरी करतात. आमच्या घरात एक रीत जास्तीची आहे. घरधन्यानं गोट्यांकडे तोंड करून उभं राहायचं. मागं घरची बाई कमरेला कापूस वेचायची रिकामी ओटी बांधून विचारते, ‘सीतामाय, वटी भरू का?’ सीतामाय थोडीच बोलणार, तिच्या वतीनं घरधन्यानं बोलायचं: भर. आणि जी विचारते तिला तिच्या नात्यानं, नावानं बोलवून म्हणायचं, मागं वळून न पाहता. वळून पाहिलं तर पीक रुसते म्हणतात.

माझ्या लग्नापासून विचारणारी एकच, शेवंता, माझी बायको. मागच्या वर्षी तिच्या मनात आलं की आता हा मान सुनेला द्यावा. गुडघे दुखतात, आपण केलं तेवढं पुरे. हे तिनं सीतादहीसाठी गजाननसंगं आलेल्या सुनेला सांगितलं, बायांना सांगितलं, मला सांगायचं तिला सुचलं नाही. काय सांगायचं? मी तर आवाजावरूनच ओळखणारा.

मागून प्रश्न आला. मी छाती काढून म्हणालो, "भर वो शेवंते. जलमभर भरत आलीस."

मागं बाया खुदुखुदु हसायला लागल्या. सुनेला बायकोच्या नावानं, तेही असं लाडानं! कौसाबाईनं तर तोंडात पदरच कोंबला. म्हणाली, बुढेबुवाले सून आन बायकोतला फरक कळेना झाला. मी तिथंच उभा, गोट्यांवर नजर, कान तापलेले. आणि मागून कोणीतरी बाई ठणकावून म्हणाली, "मीच इचारलं होतं तिच्यासंगं. दोघी एकदम बोललो. हसाले काय झालं?"

त्या क्षणी ती बाई कोण, हे मला बोलण्याच्या अर्थावरून कळलं. आवाजावरून नाही. माझ्यासाठी खोटं बोलणारी जगात एकच होती, आणि तिचा आवाज मला कोरा लागत होता.

बाया वेचणीला लागल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ सरकी काढत बसावं तशी एक बोंड कुरतडत होती. मग हळूच म्हणाली, "कवापासून?"

मी म्हणालो, दवाखान्यापासून.

"माहा बी?"

मी बोंडाकडे पाहत राहिलो. तिनं बोंड खाली ठेवलं आणि बायांना पाणी द्यायला उठून गेली.

यवतमाळच्या दवाखान्यात हाताचे व्यायाम घ्यायला जावं लागायचं. तिथंच पलीकडच्या खोलीत एक बाई आजारानंतर लोकांना बोलायला शिकवते. शेवंतेनं मला धरून तिच्यापुढं बसवलं. मी म्हणालो मला बोलता येते. बाई म्हणाल्या, काका, ते दिसतंच आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग सांगितलं की बोल समजणं आणि बोलणारा ओळखणं हे मेंदूत वेगवेगळ्या जागी चालते, आणि बोलणारा ओळखण्याचं काम जास्त करून उजव्या बाजूला. तुमची तीच बाजू जखमी झाली. कान सगळं आणून देते, पण आत घेणाऱ्यानं हात आखडला आहे.

मी एवढ्यावर उठणारा नव्हतो. मी विचारलं, मेंदू आवाज ठेवतो तरी कसा? एवढी माणसं, एवढे आवाज, जागा कुठं पुरते? बाई म्हणाल्या, जाणकारांचा एक विचार असा आहे की मेंदू आपल्या ऐकण्यातल्या सगळ्या आवाजांचा मिळून एक सरासरी आवाज मनाशी धरून ठेवतो, आणि प्रत्येक माणूस त्याच्यापेक्षा कुठं वेगळा आहे तेवढंच जपतो. हे मला पटलं. आमचा गुराखीही तसंच करतो. गाय कशी असते ते तो आठवत नाही, हिचं शिंग वळलेलं, हिची शेपटी तुटकी, एवढंच धरते. मी विचारलं, आणि सुरुवात कुठून होते? त्या म्हणाल्या, पोटातून. मूल जन्माला येण्याच्या आधीपासून आईचा आवाज शिकत असते. बाहेर आलं की अनोळखी बाईच्या आवाजापेक्षा आईच्या आवाजाकडे वळते. म्हणजे पाहा, माणूस तोंड नंतर पाहतो, नाव तर किती नंतर शिकतो, पहिली ओळख होते ती आवाजाची. माझी ती पहिली शिकवणीच बुडाली होती.

त्यांनी मोबाइलवर घरच्यांचे आवाज भरून घेतले होते, एकेक करून ऐकवले. मी एकही ओळखला नाही. शेवटी एक असा आला की मी वैतागून म्हणालो, हा कोण टवाळ, नाकात बोलते? बाई हसल्या. शेवंता तर दारापर्यंत हसत गेली. तो माझाच होता. बाई म्हणाल्या, यात आजार नाही बरं, हे सगळ्यांचंच होते. स्वतःचा आवाज आपण हाडांतूनही ऐकतो, म्हणून आपल्याला तो भारदस्त लागते. बाहेर लोकांना जो जातो तो वेगळाच. मला गंमत वाटली, आणि थोडा रागही आला. एवढी वर्षं मी ज्या आवाजावर मिजास केली तो माझ्याशिवाय कोणी ऐकलाच नव्हता.

येताना बसमध्ये मी पांढरकवड्याकडच्या कोलाम आदिवासी बायांची गोष्ट आठवत होतो. फार जुनी गोष्ट. एका हंगामात पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या बाया आमच्याकडे वेचणीला उतरल्या. आपसात कोलामी बोलायच्या. मला एक शब्द कळायचा नाही, ते सोडा, पण मला त्या सगळ्या एकाच आवाजाच्या वाटायच्या. पाठीचे डोळे आंधळे झाले. मी चिडून रोज धुऱ्यावर बसायचो आणि नुसतं ऐकायचो. हळूहळू एक वेगळी निघाली, तिचं बोलणं उताराला लागल्यासारखं घसरत जायचं. मग दुसरी, जी दर वाक्यानंतर घोट गिळायची. तुरी कापायला आल्या तोवर मी त्यांना कोलामीत बोलतानाही ओळखत होतो, अर्थ न कळता. पुढच्या खेपेला हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे काका. आपल्या बोलीतली माणसं आवाजावरून लवकर ओळखू येतात, परक्या बोलीतली उशिरा. तुमच्या मेंदूनं तेव्हा नवी वाट पाडली होती.

मग मी म्हणालो, मग आताही पाडेल.

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, पहिल्यासारखं एका झटक्यात ओळखू येईलच असं मी सांगणार नाही, पण तुकड्यातुकड्यानं शिकता येते. मला त्या बाईचं हे आवडलं. खोटा धीर देणाऱ्या माणसाचं मी कधी ऐकलेलं नाही.

शाळा सुरू झाली. भाकर खायच्या सुट्टीत शेवंता आणि कौसाबाई माझ्या पाठीमागं बसायच्या आणि एकच वाक्य आलटून पालटून म्हणायच्या, ‘ठेचा वाढू का?’ मी सांगायचं कोण. कौसाबाईला शेवंतेनंच विश्वासात घेतलं होतं, आणि विश्वासात घेतलेली कौसाबाई म्हणजे तोंड शिवलेलं पण डोळे हसणारे. मी चुकलो की ती म्हणायची, "नापास. बुढा चौथीतच बसते अजून." एकदा दोघींनी मिळून एकदम म्हटलं तर मी म्हणालो ही तिसरी कोण आली. कौसाबाईच्या घशात घास अडकला.

चुकत चुकत मी शिकू लागलो. कौसाबाई शब्द संपायच्या आधी हसायला लागते. सून चिखलातून पाय उचलावा तशी बोलते, एकेक शब्द जपून. गजानन नाही म्हणायच्या आधी नाकानं श्वास ओढते. ही सगळी माणसं माझ्या जवळची, पण इतकं बारीक मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं. ओळख होती तेव्हा ऐकायची गरज नव्हती. आपोआप कळायचं. आता वाटते, आपोआप कळणं हीही एक प्रकारची बहिरी गोष्ट आहे.

फक्त शेवंता सापडेना. कौसाबाईचं हसू नसलं की ती शेवंता, एवढाच माझा हिशोब. तिच्या आवाजाला कुठं गाठ नाही, वळण नाही. मी हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज तुमच्या सरासरीच्या अगदी जवळ जाऊन बसला असेल. मला ते खरं की कसं माहीत नाही. पण मी घरी येऊन तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, तू मधोमध बसली आहेस. तिनं विचारलं कशाच्या? मी म्हणालो, डोक्याच्या. ती म्हणाली गोळी घेतली नाही वाटते.

फरदडीचा, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर उरलेला कापूस निघत होता तेव्हा गजाननचा फोन आला आणि मी त्याला बियाण्याचा दुकानदार समजून बोलत बसलो. त्यानं ऐकून घेतलं. रविवारी तो स्वतः आला. सीतादहीपासून त्याच्या मनात होतंच.

"बाबा, तुमाले माहा आवाज वळखू येत नाही."

मी म्हणालो नाही. एवढे महिने जे गिळलं होतं ते एका शब्दात निघालं, आणि पीक काही रुसलं नाही.

तो रागावला नाही, त्यानं मला जास्तच त्रास झाला. तो म्हणाला, उद्या कोणी बी फोन करून म्हणन मी गजानन, तुमी काय कराल? वावरात कोणी ओरडलं, साप हाय बुढेबुवा, तर कोण हाय हे न कळता कोणत्या बाजूले धावाल? मक्तेवाला पाहून ठेवलाय. काटा तो सांभाळन. काटा म्हणजे कापूस जोखायचा, पळसाच्या फांदीला टांगतात तो. माझ्या बापानंतर त्याला माझाच हात लागला आहे.

मी म्हणालो, "कोलामाच्या बाया वळखाले मले एक हंगाम लागला होता. मले एक हंगाम दे."

त्यानं नाकानं श्वास ओढला. मी मनात म्हणालो, हा नाही म्हणणार, आणि हा गजाननच आहे. दोन्ही गोष्टी मला डोळे मिटून कळल्या, त्याचं मला अशा वेळीही बरं वाटलं. पण शेवंता मधात पडली. शेवटी ठरलं, पुढच्या सीतादहीपर्यंत; तेव्हा आवाज ओळखला तर काटा माझा, नाही तर मक्तेवाल्याचा.

ते वर्ष मी कानांनीच जगलो. गाय हंबरली की वासरू कसं उठते ते पाहत बसायचो. दहा गाई हंबरल्या तरी ते पडून राहते, अकरावीला उठते. त्याला कोणी शिकवलं? आणि अकरावी आजारी पडली, हंबरणं बदललं, तरी उठते. म्हणजे बदललेल्या आवाजातही काहीतरी न बदलणारं असते, ते वासराला कळते. मला का कळू नये?

आणि पावसाळ्यात, निंदणी चालू असताना, मला एक गोष्ट सापडली. खेळात नाही सापडली. खेळात ती ठेच्याचं वाक्य म्हणते, माझ्याशी बोलत नाही. सापडली ती खरी हाक मारताना. ती दूर दुसऱ्या धुऱ्याला होती, मी पाठमोरा. कोणीतरी म्हणालं, ‘ऊन उतरलं, चला.’ आणि मला ओळख पटली, पण त्या शब्दांवरून नाही. शब्दांच्या आधी एक बारीक जागा मोकळी होती, तिच्यावरून.

मुलाजवळ माझ्यासाठी बाबा आहे. सुनेजवळ मामाजी. बायांजवळ बुढेबुवा. शेवंतेजवळ माझ्यासाठी शब्दच नाही. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, आणि ‘अहो, अजी’ म्हणायची तिला सवय नाही. लग्नाच्या उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. पण हाक मारायची तर नावाची जागा तर लागतेच. ती ती जागा सोडते. उंबऱ्यावर पाय थबकावा तशी थबकते, श्वासही नाही, नुसती जागा, आणि मग बोलते. एवढी वर्षं ती मला त्या जागेतून हाक मारत आली, आणि मी तिचा आवाज ऐकत होतो.

हे मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती जपून बोलायला लागली असती.

आज सकाळी सीतादही झाली. गोटे मांडले, दहीभात ठेवला. बाया मागं उभ्या, सून आहे, शेवंता आहे, कौसाबाई आहे. गजानन बाजूला उभा. विचारणार कोण ते मला सांगायचं नाही, असं त्यानंच ठरवलं होतं. काटा अजून गाडीत होता.

मी हात जोडून गोट्यांकडे पाहत होतो आणि तेव्हा मला कळलं की माझी चूक झाली. ‘सीतामाय, वटी भरू का?’ हा प्रश्न मला नसतो, सीतामायला असतो. सीतामायला नाव आहे. तिथं मोकळी जागा येणारच नाही.

प्रश्न आला. बाईचा आवाज होता. जपून बोललेला वाटला, पण पूजेत सगळ्याच जपून बोलतात. हसू नव्हतं. सून किंवा शेवंता. बाजूला गजाननच्या चपलांचा आवाज थांबला होता. अंदाजानं एक नाव घेतलं असतं तर निम्मा डाव माझा होता. पण अंदाजानं मी कधी कापूस जोखला नाही.

मी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "कोण?"

सून असती तर लगेच म्हणाली असती, मी, मामाजी. मागं बांगड्या थांबल्या. कोणी काही बोललं नाही. एक उंबरठा, एक थबकलेलं पाऊल, नाव नसलेली तेवढी जागा.

"भर वो शेवंते," मी म्हणालो.

"भरते," मागून आलं.

बाया वावरात शिरल्या. मी वळलो नाही. गजानन गाडीपर्यंत गेला, त्यानं काटा उतरवला आणि पळसाच्या फांदीला टांगला, माझ्या उजव्या हाताशी येईल असा.